हरकत घ्यायची कुणी?

आजच्या मराठीत सर्वाधिक परिणाम घडवणारे गद्य कोणते, असा प्रश्न एखाद्या चर्चासत्रात विचारला तर दोनचार कादंबऱ्यांची, एखाद्या आत्मचरित्राची, फार तर एखाद्या वैचारिक ग्रंथाची नावे पुढे येतील. माझे उत्तर वेगळे आहे. शहराच्या विकास योजनेला जोडलेला अहवाल, त्यातला आरक्षणांचा तक्ता, राजपत्रातली अधिसूचना आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली जाहीर सूचना, हे ते गद्य. ते वाचून कुणाचा कंठ दाटून येत नाही. पण त्यातल्या एका ओळीने घराची पुढची भिंत जाते, शेताचे क्रीडांगण होते, क्रीडांगणाचे पुन्हा संकुल होते. एवढी ताकद असलेला मराठी मजकूर मराठीचे प्राध्यापक आणि विद्यार्थी वाचत नाहीत. आणि ज्यांच्या कार्यालयांत तो तयार होतो ते वास्तुविशारद व नगररचनाकार आपण काही लिहितो आहोत हेच मान्य करत नाहीत. आपण फक्त रेषा मारतो, असा त्यांचा समज आहे. हा लेख या दोघांच्याही विरुद्ध आहे. उदाहरण हर्सूलचे घेतो, कारण दूरच्या उदाहरणाने कुणाचेच काही बिघडत नाही.

औरंगाबाद शहराच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगरच्या) दिल्ली दरवाजातून बाहेर पडून उत्तरेला निघालेला रस्ता हर्सूलवरून अजिंठ्याकडे जातो. शहरातल्या बहुतेकांना हर्सूल म्हणजे मध्यवर्ती कारागृह, एवढेच ठाऊक असते. 'हर्सूलला पाठवणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण शहराच्या दृष्टीने हर्सूलचे खरे महत्त्व पाण्याचे आहे. जटवाड्याच्या बाजूच्या डोंगरांतून खाम नदी निघते, तिच्या पाण्यावर हर्सूलचा तलाव भरतो आणि जुन्या शहरातल्या काही वस्त्या आजही या तलावावर अवलंबून आहेत. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. १६१६ मध्ये मोगल फौजेने ती उद्ध्वस्त केली. तरीही त्याने पुन्हा उभारणी केली आणि शहराला नहर दिली, तेव्हा त्याची नजर याच उत्तरेकडच्या टेकड्यांकडे गेली. जमिनीत झिरपलेले पाणी भूमिगत नळांतून, केवळ उताराच्या आधाराने, शहरापर्यंत आणायचे. वाटेत ठिकठिकाणी मनोरे उभारून कोंडलेली हवा आणि दाब मोकळा करायचा, अशी ती व्यवस्था. पाणचक्कीलाही पाणी मिळाले ते अशाच एका नहरीतून. सतराव्या शतकातल्या या कामामागे एक साधे पण कठोर पथ्य होते : आधी उतार पाहायचा, मग वस्ती.

इथे लगेच एक खुलासा करायला हवा. मलिक अंबरचे गोडवे गाऊन आजच्या नियोजनकारांना दूषणे देण्याची एक सोयीस्कर पद्धत आपल्याकडे रूढ आहे. वारसा-फेऱ्यांत, स्मरणिकांत, रविवारच्या पुरवण्यांत ती नेमाने वापरली जाते. तिच्यात मला रस नाही. नहर एका सत्ताधाऱ्याच्या हुकमाने झाली. ती खोदणाऱ्या हातांची नावे कुणी नोंदवलेली नाहीत, आणि राजवाड्यातल्या हौदाला व गरिबाच्या रांजणाला सारखेच पाणी मिळत असेल असे मानण्याचे काही कारण नाही. भूतकाळ न्याय्य होता असा माझा दावा नाही. दावा इतकाच आहे की त्या आखणीचा आरंभ जमिनीच्या स्वभावापासून होत होता. आजच्या आखणीचा आरंभ गट नंबरापासून होतो.

हा फरक किती महागात पडला, हे खाम नदीच सांगते. हर्सूलच्या वर ती ओढ्यासारखी स्वच्छ असते, मग शहराच्या पोटातून जाताना सांडपाणी घेते आणि पुढे गोदावरीला, नाथसागराच्या पाण्याला जाऊन मिळते. त्याच नाथसागरातून, पैठणहून, पंपांनी उपसून शहर आपले पिण्याचे पाणी वर आणते. म्हणजे जे उत्तरेकडून उताराने फुकट येत होते त्याचे आपण गटार केले आणि तेच दक्षिणेकडून वीज जाळून विकत घेतो. २०२२ च्या उन्हाळ्यात याच शहरात नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येत होते आणि पाण्यासाठी मोर्चे निघत होते. या वर्तुळात एकही माणूस दोषी सापडत नाही, कारण पाणीपुरवठ्याचा नकाशा वेगळा, मलनिःसारणाचा वेगळा, विकास योजनेचा वेगळा. प्रत्येक नकाशा आपापल्या जागी बिनचूक असतो. नदी मात्र एकच आहे.

यावर नगररचनेच्या बाजूने एक ठरलेले उत्तर येते : आराखडा चांगलाच होता हो, अंमलबजावणी झाली नाही, राजकारण्यांनी वाट लावली. हे उत्तर आपल्याला पटते, कारण राजकारण्यांना शिव्या घालणे आपल्यालाही आवडते. आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. वाढीव हद्दीचा विकास आराखडा २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द ठरवला. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने आराखड्यात केलेले फेरबदल हे त्या वादाच्या मुळाशी होते आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण ही ढाल फार काळ पुढे धरता येणार नाही. राजकारण्यांनी हात लावण्याच्या आधीच्या, कोऱ्या करकरीत आराखड्यातही काही निर्णय झालेले असतात. ते शब्दांत आणि रंगांत लपलेले असतात. साहित्याच्या वाचकाचे काम नेमके तिथे सुरू होते.

पहिला शब्द 'गावठाण'. १९८२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली आणि आसपासची अठरा खेडी शहराच्या हद्दीत आली. त्यांत हर्सूल होते. नियोजनाच्या नकाशावर असे गाव एका सलग रेघाटलेल्या डागासारखे दिसते. आत वेशी आहेत, देवळे-मशिदी आहेत, विहिरी आहेत, भावकीच्या वाटण्यांनी वाकलेल्या गल्ल्या आहेत, कुणाच्या ओसरीतून कुणाच्या परसात जाणारी वहिवाट आहे. नकाशात यांतले काही नाही. बाहेरच्या पिवळ्या रहिवासी पट्ट्यात मात्र नऊ मीटरचा, बारा मीटरचा, अठरा मीटरचा असा रस्ता न रस्ता मोजलेला. ज्याचा इतिहास सर्वांत जुना त्याच्याविषयी नकाशाला सर्वांत कमी सांगायचे आहे. हे मौन अज्ञानातून आलेले असते तर क्षम्य होते. पण नियोजनासाठी 'विद्यमान भू-वापर नकाशा' तयार करणे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानेच बंधनकारक केले आहे. उपग्रहाच्या चित्रावरून छपराचा आकार कळतो, वहिवाट कळत नाही. वहिवाट कळण्यासाठी विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी गल्लीत उतरावे लागते. निविदेत छपरांचे पैसे धरलेले असतात, गल्लीत उतरण्याचे नसतात.

दुसरा शब्द 'गुंठेवारी'. हा शब्द कोणत्याही वास्तुविशारदाच्या अभ्यासक्रमातून आलेला नाही, तो लोकांनी घडवला. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, एक गुंठा. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसाला सिडकोचे घर परवडत नव्हते आणि अकृषक केलेल्या ले-आउटमधला प्लॉटही परवडत नव्हता. मग शेतकऱ्याकडून बॉण्डपेपरवर एक-दोन गुंठे घ्यायचे आणि आधी एक खोली टाकायची. हर्सूलच्या आसपास अशा वसाहती उभ्या राहिल्या, शहराच्या इतर कडांनाही राहिल्या. नियोजनाच्या भाषेत त्या 'अनियमित'. आता कायद्याकडे पाहा. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी अधिनियम केला. पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती करून त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. वीस वर्षांत जे अनियमित घडले त्याला नियमाच्या कक्षेत घेण्यासाठी नियमालाच वीस वर्षे पुढे सरकावे लागले. लोक नियम मोडतात असा याचा अर्थ लावता येईल. मला दुसरा अर्थ अधिक सरळ वाटतो : ज्या नियमात गिरणी-कारखान्यातल्या माणसाच्या घराला जागाच नव्हती, तो नियम लिहिणाऱ्याने शहरातली निम्मी पात्रे गाळून कथा लिहिली होती. एखाद्या कादंबरीकाराने असे केले असते तर आपण त्याला सोडले असते का?

तिसरा शब्द 'आरक्षण'. शाळा, बाग, दवाखाना, रस्ता यांसाठी जमिनीवर टाकलेला रंग. हेतू उत्तम. पण हा रंग पडल्यावर काय होते ते पाहा. मालकाला बांधकामाची परवानगी मिळत नाही, महापालिकेकडे मोबदल्याला पैसे नसतात. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षे थांबल्यावर मालकाने नोटीस द्यायची. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ज्याच्याकडे वकील आणि वेळ आहे तो बारा वर्षे थांबतो आणि जमीन सोडवून घेतो. ज्याच्या मुलीचे लग्न पुढच्या वैशाखात आहे तो थांबत नाही. तो तीच जमीन गुंठ्यागुंठ्याने बॉण्डपेपरवर विकतो. घेणाऱ्याला आरक्षण माहीत नसते, किंवा माहीत असूनही दुसरीकडे परवडत नसते. पंधरा वर्षांनी तिथे पोकलेन येते आणि वर्तमानपत्रात मथळा येतो : 'आरक्षित जागेवरील अतिक्रमण हटवले'. त्या अतिक्रमणाचा पहिला ठोकळा बागेचा हिरवा रंग भरणाऱ्यानेच रचला होता, हे त्या मथळ्यात कुठेही नसते.

आणि व्याकरण! अशा सूचनांतली वाक्ये एकदा वाचा. 'बाधित होणाऱ्या मिळकती', 'निष्कासित करण्यात येईल', 'रुंदीकरण प्रस्तावित आहे', 'संपादन करण्यात यावे'. कर्ता कुठेच नाही. 'बाधित' हा शब्द पूर्वी भूतबाधेसाठी वापरत, आणि तिथेही बाधा कुणी केली हे सांगावे लागे. इथे तेवढेही नाही. मराठी ही प्रयोगांनी समृद्ध भाषा आहे असे आपण वर्गात शिकवतो. कर्तरी, कर्मणी, भावे यांचे तक्ते फळ्यावर लिहितो. मग त्या प्रयोगांचा सर्वांत मोठा राजकीय उपयोग कुठे होतो, हे का शिकवत नाही? २०२५ च्या जून-जुलैत शहरातल्या मुख्य रस्त्यांवर रुंदीकरणासाठी मोठी पाडापाडी झाली. मुकुंदवाडीपासून तिची सुरुवात झाली. त्या काळातल्या बातम्यांत यंत्रांचे आकडे, मीटरचे आकडे भरपूर होते. ज्याने अमुक रेषा अमुक ठिकाणी ओढली त्या नियोजनकाराचे नाव, आणि ती दहा फूट अलीकडे का ओढली नाही याचे कारण, शोधून पाहावे. कवितेखाली कवीचे नाव असते. इमारतीच्या कोनशिलेवर मंत्र्याचे नाव असते. नकाशावरच्या रेषेला मात्र बाप नसतो.

२०२० मध्ये राज्यभरासाठी आलेल्या नव्या नियमावलीचे नावच पाहा : 'एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली'. नियंत्रण आणि प्रोत्साहन एकाच समासात सुखाने नांदतात. कुणावर नियंत्रण आणि कुणाला प्रोत्साहन, हे विचारण्याइतकी शैलीविज्ञानाची तयारी आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याकडे असते. विचारण्याची सवय त्याला आपण लावलेली नसते.

वास्तुविशारदांची खाजगी कार्यालये या सगळ्यापासून अलिप्त आहेत असे समजू नये. त्यांचे गद्य चित्ररूप असते. प्रकल्पाच्या फलकावरचे संगणकीय चित्र पाहा : निळे आभाळ, पावसाळ्यानंतरचे झाड, काचेची इमारत, चेहरा नसलेली चारपाच माणसे. त्यात शेळी नाही, हातगाडी नाही, दोरीवर वाळणारी साडी नाही, टँकर तर नाहीच. टँकरवर जगणाऱ्या शहरातल्या प्रत्येक इमारतीच्या चित्रातून टँकर वगळला जातो, याला कल्पनाशक्ती म्हणायचे की असत्यकथन? आपण कथाकाराकडून वास्तवाची अपेक्षा ठेवतो आणि या चित्रकथेवर आयुष्याची पुंजी लावतो. गावातल्या साध्या घराचा 'प्लॅन पास करून देणे' या कामाला याच व्यवसायात खालचा दर्जा आहे, ते ड्राफ्ट्समनवर सोपवले जाते. वस्तुतः हर्सूलसारख्या ठिकाणी शहर घडते ते याच कामातून.

तज्ज्ञांचे क्षेत्र तज्ज्ञांवर सोडावे, असा एक आक्षेप येईल. ज्याने आधुनिक नगररचनेचा पाया घालण्यात हातभार लावला त्या पॅट्रिक गेडिसनेच हा आक्षेप शंभर वर्षांपूर्वी निकालात काढला आहे. १९१४ नंतर तो हिंदुस्थानात आला, अनेक शहरे पायी हिंडला, त्यांच्यावर अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. गल्ल्या पाडून सरळ रस्ते काढण्याच्या तत्कालीन पालिकांच्या हौसेला त्याने विरोध केला. आधी पाहा, हिंडा, नोंदवा, मग लागेल तेवढेच आणि तेवढेच हलक्या हाताने कापा, असे त्याचे म्हणणे होते. जुने तलाव बुजवण्याच्या घाईलाही त्याने हरकत घेतली होती. त्याचे अहवाल आज वाचनीय आहेत ते त्यांत कर्ता दिसतो म्हणून : मी इथून चाललो, मी हे पाहिले, मला असे वाटते. चुकला तर कोण चुकला हे कळते.

आणि गेडिसपर्यंत जायचे तरी कशाला? आपल्याच भाषेत चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' लिहिली गेली. चक्रधरस्वामी जिथे राहिले, बसले, निजले त्या जागांची ती नोंद आहे : कोणते गाव, कोणते देऊळ, दार कोणत्या दिशेला, तिथून पुढची जागा कुठे. महानुभावांचा हेतू भक्तीचा होता. पण पद्धत सर्वेक्षणाची होती. प्रत्येक जागा कुणाच्या तरी वावराने जागा झालेली आहे, ही तिची धारणा. पैठण-वेरूळचा हा मुलूख त्या ग्रंथाच्या पानापानांत आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळात स्थळाची इतकी काटेकोर नोंद करणारी भाषा, सात शतकांनी त्याच मुलखातल्या गावाला एका रेघाटलेल्या डागात कोंबते, याची लाज नगररचनाकारांआधी आपल्याला वाटायला हवी. तो ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात 'महानुभाव वाङ्मय' या प्रकरणात पाच गुणांच्या टीपेपुरता उरला आहे.

लोक मात्र भाषा सोडत नाहीत. सिडकोने १९७० च्या दशकात शहराला लागून नवे नगर आखले आणि वस्त्यांना एन-१, एन-२ असे क्रमांक दिले. त्या कोरड्या क्रमांकांचीही माणसांनी घरगुती नावे केली. 'मावशी एन-नाईनला राहते' हे आज अस्सल मराठी वाक्य आहे. हर्सूलच्या अलीकडची 'हडको' ही वस्ती तर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते. नकाशाने गाळलेले असे बोलीत परत येते. चांगले नियोजन ते परत येण्याआधीच ऐकून घेते. तसे होऊ शकते याचा दाखला शहरातच आहे. खामच्या पुनरुज्जीवनाचे काम महापालिका, छावणी परिषद आणि इकोसत्त्व यांनी काठावरच्या लोकांना बरोबर घेऊन हाती घेतले आणि ते २०२३-२४ च्या डब्ल्यूआरआय शहर-पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. नदी सुधारली की नाही यावर वाद घालता येईल. पण त्यासाठी काठावर जावे लागले, हे निर्विवाद.

मार्च २०२४ मध्ये शहराचा नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हजारो हरकती दाखल झाल्या. कायद्याने नागरिकाला दिलेला हा एकमेव वाङ्मयप्रकार : 'हरकती व सूचना', मुदत बहुधा तीस दिवस. त्यात आपली जागा, आपले कारण, आपला पर्याय थोडक्यात आणि पुराव्यानिशी मांडायचा असतो. झेरॉक्सच्या दुकानातून छापील नमुना आणून त्यावर फक्त नाव आणि गट नंबर भरणाऱ्या माणसाची सुनावणी दोन मिनिटांत संपते. ज्याला लिहिता येते त्याची निदान नोंद तरी होते. शहराच्या नावावरून चाललेल्या वादात दोन्ही बाजूंनी आपण शाई ओतली. या तीस दिवसांत शहरातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकेक टेबल मांडून लोकांना हरकती लिहून द्यायला काय हरकत होती?

म्हणून मागण्या साध्या आहेत. नियोजन करणाऱ्या कार्यालयांकडे : प्रत्येक आरक्षणाचे आणि प्रत्येक रुंदीकरणाचे कारण दोन मराठी वाक्यांत, कर्तरी प्रयोगात, सहीनिशी लिहा, गावठाणाच्या डागाच्या आतला नकाशा गल्लीत उतरून काढा, पाण्याचा, सांडपाण्याचा आणि जमिनीचा नकाशा एका कागदावर आणा. आपल्याकडे, म्हणजे साहित्याच्या विभागांकडे : पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक विकास योजना अहवाल पाठ्य म्हणून लावा, 'स्थानपोथी' त्याच्या शेजारी ठेवा, आणि लघुप्रबंधासाठी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला हर्सूलसारख्या एका गावठाणात पाठवा. त्याने तिथल्या गल्ल्यांची, विहिरींची, वहिवाटींची नावे उतरवून आणावीत. ती यादी पुढच्या हरकतीला जोडता येईल.